चप्पल पडेल तिथं

देशातल्या वनस्पतींचे प्रकार ठरवायचं काम ऐकायला भारदस्त वाटतं. आमच्याकडं ते चपलेनं सुरू व्हायचं. माळावर गेलं की सर, म्हणजे मला गवत ओळखायला शिकवणारे माझे कॉलेजातले शिक्षक, पाठ फिरवून आपली चप्पल खांद्यावरून मागं भिरकावायचे. पडेल तिथं दोरीची चौकट मांडायची आणि आतलं एकेक गवत टिपायचं. डोळ्यांना जागा निवडू दिली की ते आपल्याला हवं तेच निवडतात, असं त्यांचं म्हणणं. मग लंगडी घालत, कुसळांना शिव्या देत ते चप्पल आणायला जायचे. मी पोट धरून हसायचे.

पैठण रस्त्यालगतचा एक माळ त्यांचा जीव की प्राण होता. लोकांनी त्याला पडीक म्हटलं, की सरांचं डोकं फिरायचं. इथलं गवत वेगळं आहे, देशाच्या वनस्पतींच्या नकाशात त्याला स्वतःचा रंग मिळालाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. यंदा तो मिळायच्या बेतात होता, फक्त ताज्या नोंदी हव्या होत्या. पण सरांचं डावं अंग लुळं पडलेलं. शहरातल्या छावणी भागातल्या घरी, पलंगावरून ते कसेबसे म्हणाले, "तू जा. माझी चप्पल ने."

मी गेले. माळभर खड्डे खणून झाडांची रोपं लावलेली. लावणाऱ्यानं चांगल्या मनानंच लावली असणार, मी भांडू तरी कुणाशी? जुनं गवत उरलं होतं ते कडेच्या चिंचोळ्या पट्टीत. मी पाठ फिरवून पुन्हा पुन्हा चप्पल टाकली. दरवेळी ती रोपांतच पडली.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं. मग न राहवून विचारलं, "सर, उद्या त्या पट्टीच्या बाजूला टाकू का? तेवढ्यानं रंग मिळून जाईल."

सरांनी मान हलवली.

"नाय. पडली तिथंच."

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चप्पल दाराशी ठेवायला निघाल्या. सरांनी हात पुढं करून ती मागून घेतली. चालत्या हाताची बोटं पट्ट्यांवरून, शिवणीवरून फिरत राहिली, गवताचं एखादं कुसळ शोधत. एकही नव्हतं. चप्पल छातीशी धरून सर रडायला लागले. मला त्यांच्याकडं बघवेना.