श्वासवाल्या ताईंचं भांडण

बस आगाराच्या चौकशी खिडकीमागे बसणाऱ्या बाईचा आवाज शांत असावा, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची. तोच तोच प्रश्न दिवसभर ऐकून कोणाचंही टाळकं सटकेल. पण हिचा आवाज होताच तसा, मऊ आणि संथ. ती माइकवरून रागावली तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई समजूत काढतेय. बसची वाट बघत बसलेल्या भंतेजींच्या कानावर हा आवाज पडला आणि तिथेच ती फसली.

भंतेजी गावाबाहेरच्या विहारातले. लोक विहारात येत नसतील तर विहाराने लोकांकडे जावं, असं तिथे ठरलं होतं. भिक्खू कारखान्यांत जायचे, इस्पितळांत जायचे, तुरुंगातसुद्धा. सगळीकडे पोचणं जमेना, म्हणून श्वासावर लक्ष कसं ठेवायचं हे सांगणारं रेकॉर्डिंग करायचं निघालं. भंतेजींनी खिडकीवरच्या या बाईला गळ घातली आणि तिने ते वाचून दिलं, विहाराच्या कोठीच्या खोलीत, बाहेरचा गलका येऊ नये म्हणून दाराला सतरंजी लावून. स्वतः ती आयुष्यात कधी ध्यानाला बसली नव्हती. बसायला वेळ कोणाला होता?

रेकॉर्डिंग या फोनवरून त्या फोनवर फिरलं. दाताच्या दवाखान्यात ती, शिवणाच्या कारखान्यात ती. खिडकीशी कोणी हुज्जत घालू लागला आणि हिने चार शब्द सुनावले, की तो डोळे विस्फारून विचारायचा, "अहो, तुम्ही त्या श्वासवाल्या ताई ना? आणि तुम्हीच चिडता?" झालं, तोंडाला कुलूप.

बाहेरचं एक वेळ परवडलं. घरात तर कहर होता. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं, हिने महिनाअखेर राजीनामा द्यायचा आणि आईजवळ थांबायचं. सासूबाई काठी घेऊन हिंडूफिरू लागल्या होत्या, दिवसा एखादी बाई ठेवता आली असती. पण परकी बाई त्यांना नको होती. आणि हिला खिडकी सोडायची नव्हती. तिथे लोक तिला विचारायचे, ती सांगायची आणि ते ती म्हणेल त्या फलाटाकडे चालू लागायचे. घरात असं कधीच घडलं नव्हतं.

ती विषय काढायची. "अहो, मला काय वाटतं..." की नवरा हळूच फोन टेबलावर ठेवून बटण दाबायचा. माणूस वाईट नव्हता, कधी आवाज चढवायचा नाही. त्याला गरजच काय होती? खोलीभर तीच बोलू लागायची. "श्वास आत येतोय. येऊ द्या. जे समोर येईल, त्याला विरोध करू नका." सासूबाई लगेच डोळे मिटायच्या. ध्यान चालू असताना कोणी बोलायचं नाही, हा घरचा नियमच झाला होता. रागाने तिचे कान तापायचे आणि ती स्वतःचंच ऐकत गप्प बसायची.

शेवटी सुट्टीच्या दिवशी तिने विहार गाठला. भंतेजी पायरीवर बसून फाटलेलं चीवर शिवत होते.

"ते रेकॉर्डिंग काढून टाका, भंतेजी. विरोध करू नका, विरोध करू नका! जीव गुदमरतोय माझा."

"त्याच्या पुढचं नाही का ऐकलंत?"

"पुढे काही नाहीच."

भंतेजींची सुई थांबली. "होतं. तुम्हीच वाचलं होतं. 'आता डोळे उघडा. जे खरं आहे आणि बोलायला हवं, ते बोला.' कारखानेवाले म्हणाले, चहाच्या सुट्टीत एवढं बसत नाही. मग आम्ही शेवट कापला. वाटलं, निदान शांतता तरी पोचेल लोकांपर्यंत."

"म्हणजे माझं बोलणं आधी तुम्हीच तोडलंत."

"हो," भंतेजी म्हणाले. "चुकलंच. नवीन करू आपण. पण जुनं आता कोणाकोणाच्या फोनमधून परत आणू? तो शेवट तुम्हाला येतोच की. तुम्ही म्हणा."

घरी येऊन तिने चहाचे कप मांडले आणि म्हणाली, "मी राजीनामा देणार नाही." नवऱ्याने सवयीने बटण दाबलं. या वेळी ती नुसती धुमसत राहिली नाही. मांडी घालून समोर बसली आणि पहिल्यांदाच आपण सांगतोय तसा श्वास घेतला. बरं वाटलं, खोटं कशाला बोला. रेकॉर्डिंग संपलं. दोघांचे डोळे मिटलेलेच होते, तेवढ्यात तिने त्याच सुरात पुढचं म्हटलं, "आता डोळे उघडा. मी नोकरी सोडणार नाही. दिवसा सोबतीला बाई येईल."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आज जरा जास्त होतं, नाही? छान वाटलं."

नवऱ्याने मात्र नीट ऐकलं होतं. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. क्षणभर तिला वाटलं, आता हा बोलेल.

"आई," तो म्हणाला, "परत लावू?"

"लाव ना."

श्वास आत येऊ लागला. मग मात्र तिचा तोल सुटला. "देणार नाही मी राजीनामा!" ती ओरडली. "ऐकताय का दोघं? देणार नाही!" फोनमधली ती सांगत राहिली, येऊ द्या, येऊ द्या, आणि ही तिच्यावर आवाज चढवत राहिली.

सासूबाईंनी डोळे न उघडता हात हलवला.

"अगं, हळू जरा. तुझं काही ऐकूच येईना मला."