दुरुस्त केलेली अंगाई

बायकोच्या बोटांना संधिवाताने धरलं, तेव्हा मी ठरवलं की तिचं वाजवणं निदान पियानोत तरी साठवून ठेवायचं. जयनगरच्या एका शाळेत तिने कित्येक वर्षं पियानो शिकवला. घरातला पियानोही तिचाच. हेब्बाळहून एक तंत्रज्ञ आला आणि त्याने पट्ट्यांखाली सेन्सर आणि विद्युतचुंबक बसवून दिले.

यंत्राची युक्ती मला फार आवडली. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर फेकली जाते, आणि एकदा सुटली की वाजवणाऱ्याचा तिच्यावर ताबा उरत नाही. म्हणजे लोक जिला बोटांतली जादू म्हणतात ती शेवटी काय, तर हातोडीचा वेग आणि पट्टी दाबण्या-सोडण्याची वेळ. सेन्सरने एवढं टिपलं की चुंबक त्याच जोराने, त्याच क्षणी पट्टी हलवणार.

दुखऱ्या बोटांनी तिने एकदाच वाजवलं. लेक तान्ही असताना तिचा पाळणा पियानोशेजारी ठेवून वाजवायची, ती अंगाई. "आता पुन्हा जमायचं नाही," ती म्हणाली.

तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मी सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात जन्म काढलेला माणूस. संगणकावर आलेख बघितला तर एक स्वर दरवेळी हलका, अनामिका जराशी मागे, आणि शेवटच्या ओळीआधी तर चक्क खड्डा. मला राहवेना. तीन दुपारी खपून सगळे वेग सारखे केले, खड्डा बुजवला आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच.

चौथ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात तिला समोर बसवलं आणि बटण दाबलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अहो, हे कोण वाजवतंय?"

"तूच की."

"मी नव्हे. शेवटच्या ओळीआधी मी थांबते. पाळण्यात डोकावून बघायचे, झोपली का ते."

मी तंत्रज्ञाला फोन लावला. "होयतु सर," तो कानडीत म्हणाला, "ओव्हरराइट आगिदे." जुन्या फाइलवर नवी चढली होती; गेलं ते गेलं. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो काढायला समोर मी एकटाच.

तेव्हापासून बुजवलेला खड्डा मी परत खणतोय. दोन सेकंद घालून बघितले, तीन घातले, साडेतीन घातले. दरवेळी ती आतून "नाही" म्हणते. काल ती कोमट पाण्यात बोटं बुडवून बसली होती. संगणकावरच्या चौकटीत आकडा तर भरायलाच हवा होता. शेवटी वैतागून मी विचारलं, "नक्की किती वेळ थांबायचीस, ते तरी सांग."

"पोर झोपेपर्यंत," ती म्हणाली.