किलोमीटरांचे मालक

किस्से गोळा करायला मी निघालो नव्हतो. पण लोकांचे पैसे घेतले की किस्से वर फुकट मिळतात, असा माझा अनुभव आहे. काही मी वहीत लिहून ठेवले, काही लोकांनीच मला परत परत ऐकवले. त्यातले थोडे इथे देतो. कोणाच्या बोलण्यात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर दोष माझा.

आधी माझ्याबद्दल. मी निवृत्त प्राध्यापक, बिबवेवाडीत राहतो. आयुष्यभर संभाव्यता शिकवली, त्यामुळे काय काय बिघडू शकतं हे मला इतरांपेक्षा जरा जास्त सुचतं. पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने जायचं हे मनात बरीच वर्षं होतं. न जाण्याची कारणं तेवढीच वर्षं जमवत होतो. शेवटचं कारण पैशांचं होतं, आणि ते वरच्या मजल्यावरच्या मृण्मयीने काढून घेतलं. ती आयटीत आहे. तिने इंटरनेटवर माझं एक पान उघडलं आणि रस्ता किलोमीटर-किलोमीटरने विकायला काढला. जो पैसे देईल त्याच्या नावावर एक किलोमीटर. तिथे पोचलो की मी त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं.

मी म्हणालो, “ही भीक नाही का?”

“काका, वर्गणी म्हणा. गणपतीची मागताना लाजता का?”

“ती देवासाठी असते.”

“हीसुद्धा देवाच्याच भरवशावर आहे.”

* * *

पहिलं गिऱ्हाईक माझे जुने सहकारी साठे. त्यांनी एक किलोमीटर घेतला आणि पानावर लिहिलं, “चढाचा नको, आपल्याला झेपणार नाही. आभार मानू नयेत. हेल्मेट वापरावे.” दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. “अहो, अर्ध्यात थांबलात तर उरलेल्या अर्ध्याचं काय?”

मी घाबरून पानावर एक नियम टाकला: प्रवास सोडल्यास पुढच्या सर्व किलोमीटरांचे पैसे परत. तोपर्यंत हरलो असतो तर फक्त स्वतःशी हरलो असतो.

* * *

कसब्यात तांब्याची भांडी घडवणारे एक गृहस्थ आहेत. नातवाकडून पान वाचून घेऊन ते थेट घरी आले. “मला घाटातले द्या. सपाटीवर कोणीही चालवेल.” खंबाटकीचे सलग तीन किलोमीटर त्यांनी घेतले.

त्यातल्या दुसऱ्यातच मी उतरलो आणि सायकल ढकलत वर नेली. माथ्यावरून त्यांना फोन केला, खरं ते सांगितलं, पैसे परत देतो म्हणालो.

पलीकडे ठोके चालू होते. ते थांबले.

“खाली सोडून दिली नाहीत ना?”

“नाही.”

“मग झालं की,” म्हणाले आणि ठोके पुन्हा सुरू झाले.

* * *

आमच्या इमारतीत सुनीताबाई तीन घरचा स्वयंपाक करतात. मूळच्या वाशीमकडच्या. त्यांनीही एक किलोमीटर घेतला. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्यांची अट एकच, त्या किलोमीटरवर मी हात सोडून सायकल चालवायची. लहानपणी भाऊ चालवायचे आणि यांना कधी मिळाली नाही.

निपाणीच्या अलीकडे त्यांचा किलोमीटर आला. मी डावा हात सोडला. उजवा काही सुटेना. तसं फोनवर सांगितलं.

“एक हात म्हणजे अर्धंच झालं नं काका. दुसरा येताना सोडा.”

“येताना मी रेल्वेने येणार आहे.”

“मग रेल्वेत सोडा.”

* * *

माझ्या पत्नीने, कुसुमने, एकही किलोमीटर घेतला नाही. मृण्मयीने विचारलं तेव्हा म्हणाली, “माझे तर सगळेच आहेत.”

* * *

हावेरीला माझा गुडघा सुजला होता आणि दोन दिवस वारा समोरून येत होता. सकाळी कुसुमला कळवून टाकलं की राणेबेन्नूरहून संध्याकाळची बस धरतो, मृण्मयीला पैसे परत करायला सांग. ती फक्त “बरं” म्हणाली. वाटेत एकच काम राहिलं होतं. बस धरायच्या आधीचा शेवटचा किलोमीटर खडकीच्या गायकवाडांचा होता. ते एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते, जन्मापासून अंध. त्यांची अट होती: तिथून फोन करावा आणि दिसेल ते सांगावं.

फोन लावला. एका हाताने सायकल धरून चालू लागलो.

“काय दिसतंय सर?”

“काही नाही. रस्ता आहे.”

“मी तीस वर्षं फोनवर काढली. ‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसाजवळ काहीतरी असतंच.”

मग मी बघू लागलो. उलटलेला ट्रॅक्टर आणि त्याच्या सावलीत जेवणारी तीन माणसं. एक झाड, ज्याचं नाव मला येत नव्हतं. पानं कशी आहेत, शेंगा आहेत का, असं विचारत विचारत गायकवाडांनीच ते शिरीष ठरवलं. पुढे मला शिंका आल्या, लागोपाठ चार.

“मिरची वाळत घातलीय,” ते म्हणाले. “कुठल्या बाजूला?”

डाव्या बाजूला होती. अख्खं शेत लाल. मी इतका वेळ गुडघ्याकडे बघत होतो. किती लाल, असं त्यांनी विचारलं आणि मला सांगता येईना. मी थांबलो, खाली बसलो, एक मिरची हातात घेतली. तापली होती. तेच सांगितलं.

“हां,” ते म्हणाले, “आता कळलं.”

त्या एका किलोमीटरला पाऊण तास लागला. किलोमीटरचा दगड आला.

“गायकवाड, तुमचा किलोमीटर संपला.”

मी फोन ठेवणार होतो.

“पुढचा कोणाचा आहे सर?”

मी वही उघडली. “कोणी कुलकर्णीबाई आहेत. मी ओळखत नाही त्यांना.”

“त्यांना विचारता का,” गायकवाड म्हणाले, “मी लाइनवर राहिलो तर चालेल का?”