मान पुढं गेली का?

मामूंच्या गाडीत सगळ्यात जास्त झिजलेली वस्तू म्हणजे त्यांच्या पायाखालचा ब्रेक. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो संकटात वापरायचा. मामू तो गप्पांत वापरायचे. एखादी गोष्ट पटली की ब्रेक, पटली नाही की ब्रेक, आणि काहीच कळेनासं झालं की आधी ब्रेक आणि मग प्रश्न. त्यामुळे आमची गाडी बारामतीच्या रस्त्यांवरून उचकी लागल्यासारखी जायची.

मी त्यांच्याकडे गाडी शिकायला हौसेनं गेले नव्हते. माझे यजमान हायवेवर अपघातात गेले. गाडी ते चालवत होते, मी शेजारी होते. मला खरचटलंसुद्धा नाही. वर्षभरानं माझी बदली सणसरच्या शाळेत झाली. एसटीच्या वेळा जुळेनात, घरी पाच वर्षांची मुलगी. भावानं त्याची जुनी गाडी दारात आणून लावली. ती चालवता आली तर नोकरी टिकणार होती, नाहीतर नाही. पण स्टिअरिंग हातात घेतलं की समोरचा रस्ता खोटा वाटायचा. काचेवर कुणी चित्र चिकटवलंय, असा. डोळे उघडे, हात जागेवर आणि मी तिथे नाहीच. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. घरातले त्याला घाबरटपणा म्हणायचे.

पहिल्याच दिवशी मी हे मामूंना सांगितलं. त्यांनी ब्रेक मारला.

"म्हंजी टोपडं घातल्यागत व्हतंय व्हय, बाई?"

मला काही कळलं नाही. मी शिक्षिका म्हणून ते मला बाई म्हणत, तेवढं कळलं. टोपडं म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपडं, एवढंच मला ठाऊक. मग त्यांनी गाडी कडेला घेऊन सगळं सांगितलं.

त्या वर्षी दुपारी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. अवकाशात निघालेलं एक यान आणि त्यातली आठ-दहा माणसं. प्रवास लांबचा, म्हणून जीव रमवायला ती डोक्यावर यंत्र चढवत. यंत्र चढलं की माणूस समुद्रावर, लग्नात, स्वतःच्या गावात, पाहिजे तिथे. सगळं दिसायला खरं आणि असायला खोटं. मामूंनी त्या यंत्राला टोपडं असं नाव दिलं होतं. "टोपडं घातलं का गडी आत. काढलं का भायेर." मालिका लागली की मामू ड्रायव्हिंग स्कूलच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आत टीव्हीसमोर बसत आणि आम्ही शिकाऊ मंडळी बाहेर बाकावर बसून राहत असू.

त्यांची अडचण एकच होती. कोण कधी आत आहे आणि कधी बाहेर, हे त्यांना उमगत नसे. तासभर बघून बाहेर यायचे तेव्हा तोंडावर गणितात नापास झालेल्या मुलाचा भाव असायचा. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. त्यो कप्तान आपल्या मेलेल्या आईसंगं जेवला. भूक खरी व्हती म्हनला. मंग प्वाट भरलं का न्हाय?" मी म्हटलं, मी दहावीला गणित शिकवते.

मात्र मामूंनी आत-बाहेर ओळखायची स्वतःची एक खूण शोधून काढली होती. मालिकेत टोपडं घातलेली माणसं घोडे पळवत, मोटारी पळवत, पण गाडी थांबली तर त्यांची मान पुढं जात नसे. हे त्यांनी बारकाईनं पाहिलं होतं. तीस वर्षं ब्रेकवर पाय असलेल्या माणसालाच हे दिसणार. "आतल्या गाडीला झटका न्हाय. झटका बसला म्हंजी भायेर."

आणि हे औषध त्यांनी मला लावलं. कालव्याच्या रस्त्यावर माझे डोळे थिजले की ते ओळखायचे. आधी आरशात मागं पाहायचे, मग हळूच ब्रेक दाबायचे.

"मान पुढं गेली का?"

"गेली."

"मंग भायेर हाय तुमी. चला. दुसरा गिअर टाका."

डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं, ते या झटक्यांनी हळूहळू व्हायला लागलं. का, ते मला विचारू नका. महिन्याभरात मी स्वतःच आरसा बघून, ब्रेक दाबून, स्वतःला विचारायला लागले.

माझ्या लायसन्सच्या परीक्षेला आठ दिवस राहिले आणि मालिकेनं घात केला. त्या दुपारी कप्तानानं टोपडं काढलं, सगळ्यांना भेटला, पाणी प्यायला, आणि डोकं खाजवायला हात वर नेला तर तिथे टोपडं. मामू शटरखालून वाकून बाहेर आले ते स्वतःचं डोकं चाचपतच.

"टोपड्याच्या खाली टोपडं," एवढंच म्हणाले.

पुढचे चार दिवस त्यांचा भरवसाच उडाला. उसाच्या ट्रॉलीला ब्रेक, म्हशीला ब्रेक, रिकाम्या रस्त्याला ब्रेक. माझी मान दुखायला लागली. शेवटी मीच चिडले. "मामू, परीक्षा माझी आहे. तुमच्या कप्तानाची नाही." ते ओशाळले. पाय उचलून मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता तुमीच मारा ब्रेक. माजं मलाच कळंना झालंय." सांगवीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर त्यांनी पाय खाली सोडला नाही. त्या दिवशी गाडी मी एकटीनं चालवली. मी पास झाले. निकाल सांगायला गेले तेव्हा मला रडू आवरेना आणि मामू टीव्ही बंद करून चहा सांगायला धावले.

शेवटचे दोन भाग राहिले असताना मालिका बंद झाली. आधी चॅनेल गेलं आणि पाठोपाठ मामूंची नजर. काचबिंदू होता, उशिरा कळला. गाडी विकली, दुकान बंद झालं. ते लेकीकडे इंदापूरला कायमचे निघाले तेव्हा मी म्हटलं, मी सोडते. सणसरपर्यंतचा रस्ता माझ्या पायाखालचा होता. शेजारच्या सीटवर मामू बसले होते आणि त्यांचा पाय नुसत्या मॅटवर दाबत होता.

"मामू, तिथं ब्रेक नाहीये."

"ठावं हाय. पायाला कळंना." थोड्या वेळानं म्हणाले, "ती मानसं निघाली का वो भायेर? तुमी मोबाइलवर बघते म्हनला व्हता."

मी बघितलं होतं. शेवटच्या भागात कप्तान टोपडं काढतो, खिडकीतून बघतो, हसतो आणि पडदा काळा होतो. तो का हसतो, हे मला आजही कळलेलं नाही. मी तीनदा बघितलं.

"निघाली की," मी म्हटलं.

"कशावरनं?"

"यान थांबलं तेव्हा सगळ्यांच्या माना पुढं गेल्या."

ते सीटला टेकले आणि त्यांचा पाय शांत झाला. "मंग झ्याक झालं," म्हणाले.

मी खोटं बोलले याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेत त्यांच्या लेकीचा फोन आला. मामू सकाळीच गेले होते. मी तशीच इंदापूरला निघाले. गाव मागं पडलं आणि कितीतरी वर्षांनी समोरचा रस्ता पुन्हा काचेवरचं चित्र झाला. ऊस खोटा, खांब खोटे, फोनसुद्धा खोटा. तसंच असावं असं फार वाटलं. मी आरशात पाहिलं. मागं कुणी नव्हतं. हळूच ब्रेक दाबला.

मान पुढं गेली. म्हणजे मी बाहेरच होते, आणि मामू खरंच गेले होते.