हाच तो मंदार

आमच्या डीमन या डच गावातल्या फ्लॅटला माळा नाही, त्यामुळे सामान फार साठत नाही. किस्से मात्र साठतात, आणि त्यातले निम्मे मंदारचे असतात. मंदार माझ्या नवऱ्याच्या, हेमंतच्या ऑफिसातला. राहायला खालच्या मजल्यावर, जेवायला आमच्याकडे. दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात त्याने जीन्सच्या खिशातला पासपोर्ट साठ डिग्रीवर धुऊन काढला. जीन्स छान निघाली. पासपोर्टातला मंदार पार वाहून गेला!

डिसेंबरात पुण्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं. कानपिळीला नवरदेवाचा कान पिळणारा हा एकुलता एक भाऊ. नव्या पासपोर्टच्या फॉर्मवर जामीनदार हवा होता: इथे स्थिरावलेला, दोन वर्षं ओळखणारा, 'हाच तो मंदार' असं सही करून सांगणारा. हेमंत म्हणाला, मी देतो की सही. मंदारने हेमंतच्या लेंग्याकडे बघितलं.

"जरा वजनदार माणूस बघतो," तो म्हणाला.

*

पहिला वजनदार माणूस म्हणजे त्याचा डच बॉस. बॉसने आनंदाने डायरी उघडली आणि सहीसाठी तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी सव्वादहाची वेळ दिली. बॉस बसायचा मंदारच्या शेजारच्याच टेबलावर.

मंदारने फार घाई असल्याचं सांगितलं. बॉसने पुन्हा डायरी चाळली आणि दहाची वेळ दिली. मंगळवार तोच!

*

मग हाउसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. मंदार दोन वर्षांत एकदाच आला होता, सर्दी घेऊन, आणि त्यांनी पॅरासिटामॉल सांगितली होती. ती घेतली का, असं त्यांनी विचारलं. मंदार खरं बोलला. घेतली नव्हती, आईने फोनवर सांगितलेला काढा घेतला होता.

"मग आपली ओळख झाली असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले.

*

शेवटी आपला माणूस बरा म्हणून तो फेल्डहोवनला आपटेसाहेबांकडे गेला. आपटेसाहेब वीस वर्षं इथे, पण मूळचे पुण्याचे आणि अजून पुण्याचेच. त्यांनी मजकूर दोनदा वाचला. 'वर्तणूक चांगली आहे' हे वाक्य खोडून सुंदर अक्षरात वर लिहिलं, 'अद्याप तक्रार ऐकलेली नाही.' मग खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाही, ही तळाची ओळही त्यांनीच मंदारला दाखवली.

*

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला आला. बहिणीचा फोन आला होता, दादा नक्की येशील ना म्हणून. मला त्याची खरंच दया आली. हेमंतने नवा फॉर्म भरला आणि लेंग्यातच सही ठोकली.

आता यात माझ्या सासूबाई कशा आल्या ते सांगते. त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि डीमनमध्ये त्यांना करमत नव्हतं. म्हणून त्यांनी मंदारचं नाव पुण्याच्या वधूवर सूचक मंडळात नोंदवून टाकलं होतं, संपर्काला आमच्या घरचा फोन. मंदारला पत्ताच नव्हता.

आठवड्याने मी सायकलवरून भाजी घेऊन आले, तर आई खुशीत होत्या.

"मुलीकडच्यांचा फोन होता. नागपूरचे गृहस्थ, बोलायला फार गोड."

मंदारला किती वर्षं ओळखता, स्वभाव कसा, सगळं त्यांनी विचारलं होतं. आईंनीही हातचं राखलं नव्हतं. मुलगा निर्व्यसनी आहे, पोळ्या स्वतः लाटतो, केस जरा विरळ आहेत पण घराण्यात टक्कल नाही. मग मुलगी काय शिकते, चष्मा आहे का, हेही विचारून घेतलं होतं. तेव्हा मात्र गृहस्थ जरा गडबडले म्हणे.

मी फोनवरचा नंबर बघितला. हेगचा होता, आपल्या वकिलातीतल्या पासपोर्टवाल्यांचा. हेमंतच्या सहीची खात्री करायला केलेला. मी लगेच हेमंतला ऑफिसात फोन लावला. हेमंतने घरी आल्या आल्या माफीचं पत्र लिहायला घेतलं. बहिणीला काय सांगायचं, एवढंच मंदार विचारत राहिला.

*

चार दिवसांनी मंदारला हेगला बोलावलं. खिडकीतल्या साहेबांनी त्याला आधी नीट न्याहाळलं, विशेषतः त्याचे केस. मग नवाकोरा पासपोर्ट दिला आणि वर एक बंद पाकीट.

"हे घरी काकूंना द्या," ते म्हणाले.

पाकिटात एक पत्रिका होती, एक फोटो आणि नागपूरच्या एका मुलीची माहिती. आईंनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं.

"शिकलेली आहे. चष्मा नाही," त्या म्हणाल्या. "आणि पाठचे दोन भाऊ आहेत."

मंदारचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.