डिफलॉक समजून म्या गाडी पऱ्हाटीत घातली

वळण आलं अन् म्या स्टेरिंग फिरवलंच नाई! गाडी सरळ सडकेखाली, कपाशीच्या पऱ्हाटीत. मांगं सासूबाई बोंबलल्या. त्याईच्या मांडीवर माही तीन वर्षाची पोरगी, तिच्या नाकात तुरीचा दाणा. तिनंच कोंबलता, सकाळी शेंगा सोलता सोलता. वणीच्या डॉक्टरकडं न्याचं होतं अन् घरी एवढीच गाडी, नवऱ्याची, मातीवरच्या रेसची.

"काहून नाई वळवली वं?" सासूबाई.

"डिफलॉक हाय ना त्याच्यात! वळवली तं तुटते!"

मी शिकली बाबाच्या ट्रॅक्टरवर, आठवीत शाळा सुटल्यावर. काळ्या मातीत एक चाक नुसतं गरगर फिरून राह्यलं का डिफलॉकचं पेडल दाबाचं, मंग दोन्ही चाकं संगं ओढतात. पण तवा वळवाचं नाई, बाबानं धादा सांगतलं होतं. अन् नवऱ्यानं या गाडीत लिमिटेड स्लिप का काय बसवलं तवा तोही म्हणे, दोन्ही चाकं संगं ओढतात. मंग म्या काय समजाचं?

वावरात कालच पाणी सोडून ओलित केलतं. समोरचं एक चाक चिखलात. नवऱ्याले फोन लावला.

"अवो, गाडी पऱ्हाटीत गेली."

"पोरगी?"

"बरी हाय. तोंडानं श्वास घेऊन राह्यली."

"मंग आयक. ते ट्रॅक्टरचं लॉक नोय. एक चाक घसरलं का हे दुसऱ्याले जोर देते, अन् वळूही देते. हळूहळू रेस दाब, मधात पाय काढू नको. जिकडं जाचं तिकडं स्टेरिंग धर. ते हातातून ओढीन, सोडू नको."

"अन् तुटलं तं?"

"तुटलं तं मी हाय ना! मेकॅनिकची बायको अन् नटबोल्टले भेते!"

रेस दाबली. बैलानं कासरा ओढावा तसं स्टेरिंग ओढे. म्या दातओठ खाऊन धरलं. गाडी वळली, बांधावरून दणकन सडकेवर, अन् त्या दणक्यानं पोरगी शिंकली. दाणा सासूबाईच्या चष्म्यावर!

सासूबाई हसू लागल्या का रडू लागल्या, समजेच ना. "चाल आता घरी," म्हणे.

"अजून एखादा दाणा असन तं?" म्या म्हणलं. भेव खरंच होतं. पण पुढं वणीपर्यंत दोन वळणं होती, तेही खरं. दोन्ही काढली, पाय न उचलता. डॉक्टरनं नाकात बॅटरी मारली अन् म्हणे काहीच नाई, न्या घरी.

सासूबाई अजून म्हणतात, तू डॉक्टरसाठी गेलीच नवती, वळणासाठी गेलती. तुमीच सांगा, तुमी वापस फिरले असते का?