सोमवारचा खिमा

विल्मार एचेनिकेने रविवारी ज्याला लाथ घातली, त्याच्या घरी सोमवारी सकाळी मांस पोचायचं. वर्तमानपत्रात बांधलेलं, वर सुतळी आणि सुतळीत खोचलेली चिठ्ठी: ‘लवकर बरे व्हा.’ नडगी सोलली असेल तर दोन चोरिसो सॉसेज. घोटा गेला असेल तर बरगड्या, कारण बरगड्या सावकाश चोखून खायच्या असतात आणि घोटा गेलेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो. डोळा काळानिळा झाला असेल तर एक चांगला जाड तुकडा, आधी डोळ्यावर ठेवायला आणि मग तव्यावर टाकायला. दात पडले असतील तर अर्धा किलो खिमा. दुखणेकऱ्याचा इतका बारीक विचार आमच्या वस्तीत डॉक्टरही करत नसे.

विल्मार आमच्या पुएन्ते विएहो फुटबॉल क्लबचा दोन नंबर, म्हणजे बचावातला मधला खांब, आणि बाकीचे सहा दिवस पुलाजवळचा खाटीक. मी संघाचा बादलीवाला. थंड पाणी, स्पंज, आयोडीनची बाटली, एवढा माझा संसार. माँतेव्हिदेओच्या दुसऱ्या विभागात माझ्याइतकं रक्त पुसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. त्यातलं निम्मं तर समोरच्या संघाचं, कारण त्यांचा बादलीवाला विल्मारमुळे एकटा पुरा पडत नसे आणि मला त्याची दया यायची.

मैदानाबाहेर हा माणूस माशीसुद्धा फडक्याने हाकलायचा. मैदानावर मात्र त्याला दोनच गोष्टी येत होत्या. पहिली: आपला माणूस सोडायचा नाही. समोरच्यांचा आघाडीवीर जिकडे, तिकडे विल्मार. एकदा त्यातल्या एकाच्या पोटात कळ आली आणि तो खेळ चालू असताना संडासाकडे पळाला, तर विल्मार त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला आणि बाहेर हाताची घडी घालून उभा राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘ओळख’. पहिल्या पाच मिनिटांत पंच कार्ड काढायला लाजतात, असा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. म्हणून पहिली लाथ फुकट. विल्मार चेंडूकडे न पाहता आपल्या माणसाला ती घालायचा, मग स्वतःच हात देऊन उठवायचा आणि म्हणायचा, “मी विल्मार. आज आपण बरोबर आहोत.”

या दोन गोष्टींपायी त्याचं एकच नुकसान झालं होतं. आमच्या क्लबच्या दारूच्या फळीमागे काचेचं कपाट आहे. हंगामातली शेवटची शिट्टी वाजते तेव्हा जे मैदानात उभे असतात, ते त्या चेंडूवर सही करतात आणि चेंडू कपाटात जातो. बाहेर काढलेल्याने सही करायची नाही. विल्मार सोळा हंगाम खेळला होता. कपाटात सोळा चेंडू होते, आणि सोळांपैकी एकावरही त्याचं नाव नव्हतं. दर वर्षी शेवटच्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळायचंच.

त्याची बायको नेल्बा दुकानात, भर गिऱ्हाइकांत सांगायची, “माझ्या भावाची तीन चेंडूंवर सही आहे. त्याला स्वतःची चप्पलही सरळ घालता येत नाही, पण सही आहे.”

“या वर्षी करतो,” विल्मार म्हणायचा. “शेवटचं वर्ष आहे.”

“गेल्या वर्षीही शेवटचंच होतं.”

“तेव्हा गुडघा ऐकत होता. आता खरंच शेवटचं.”

आणि नेमक्या त्याच वर्षी पंचांना वरून फर्मान आलं की पहिल्या मिनिटापासून कार्ड काढा. पहिल्या सामन्यात विल्मारने तिसऱ्या मिनिटाला ओळख करून दिली आणि चौथ्या मिनिटाला तो माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. चेहरा असा, की जसं काही चर्चमध्ये पाद्र्याने हात झिडकारला. आमचे बाकीचेही त्याच शाळेतले. कधी दहा उरायचे, कधी नऊ. सहा सामन्यांत एक गुण, तीन फुटलेली नाकं, एक निखळलेला खांदा. जुन्या प्रशिक्षकाला लोकांनी कुंपणाच्या तारेपाशी गाठून चोपला आणि त्याने तिथल्या तिथे राजीनामा दिला.

नवीन आला बेर्तोलोत्ती. त्याला सगळे प्रोफे म्हणायचे, आणि तो खरोखरच मास्तर होता, शाळेत भूगोल शिकवायचा. पहिल्याच दिवशी त्याने फळ्यावर मैदानाचा नकाशा काढला आणि त्याचे चौकोन पाडले.

“माणूस राखायचा नाही, जागा राखायची,” प्रोफे म्हणाला. “माणूस येतो, जातो. जागा कुठे जात नाही.”

विल्मारने हात वर केला. “प्रोफे, गोल काय जागा मारते का?”

प्रोफेने यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कपडे वाळत घालायची लांबलचक दोरी आणली आणि बचावाच्या चौघांना कमरेला एकाशेजारी एक बांधलं, मध्ये सात-सात पावलं सोडून. पुढे सरकायचं तर चौघांनी, मागे यायचं तर चौघांनी, म्हणजे समोरचा आपोआप ऑफसाइडमध्ये सापडतो. कल्पना झकास होती. मग एक आघाडीवीर चेंडू घेऊन कोपऱ्याकडे धावला, विल्मार सवयीने त्याच्या मागे सुटला, आणि उरलेले तिघे बैलगाडीला बांधलेल्या डब्यांसारखे त्याच्यामागे फरफटत निघाले. डावीकडच्या पिंतोसचं कपाळ गोलच्या खांबावर आपटलं. चार टाके पडले. सोमवारी पिंतोसच्या घरी जाड तुकडा गेला.

सामन्यात दोरी नसायची, पण घडायचं तेच. तिघे हात वर करून ऑफसाइड मागत पुढे धावायचे आणि विल्मार एकटा मागे, आपल्या माणसाला बिलगून, लग्नघरातून शेवटच्या पाहुण्याला निरोप देत असल्यासारखा. रेषेवरचा पंच झेंडा खालीच ठेवायचा. चार-शून्य हरलो. तीन-एक हरलो. दहाव्या सामन्यात वैतागून त्याने एकाच्या कानशिलात कोपर घातलं. तो गडी आडवा पडला आणि उठल्यावर आपल्या आईचं नाव विचारू लागला. विल्मारला सहा सामन्यांची बंदी झाली.

आणि त्या सहा सामन्यांत आम्ही तीन जिंकलो, दोन बरोबरीत सोडवले.

विल्मार दर रविवारी तारेपलीकडे नेल्बाच्या शेजारी उभा असायचा. तिच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास, त्याच्या हातात माते, आमचा कडू पाल्याचा चहा. त्याच्या जागी मेंदेस नावाचा बावीस वर्षांचा पोरगा उभा राहायचा. आपल्या चौकोनात, न हलता, आणि चेंडू स्वतः चालत त्याच्या पायाशी यायचा. आपल्याच दुकानात दुसऱ्याने सुरी चालवावी आणि चांगली चालवावी, तसं तोंड करून विल्मार टाळ्या वाजवायचा.

“छान खेळतो,” तो मला म्हणाला. “एकदाही कुणाला लागलं नाही.” मग मातेचा घोट घेत, “बघायला मात्र कंटाळा येतो, बादली.”

बंदी संपली तरी प्रोफेने त्याला बाकावरच ठेवलं. पण शेवटून दुसऱ्या सामन्यात मेंदेसवर दोघे एकदम चालून आले. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. वाळकी फांदी मोडते तसा. हाड कातडीखालून वर आलं होतं. मी स्पंज पिळला, पण त्यावर स्पंज काय करणार.

उरला एक सामना, एल फारो क्लबशी. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. हरलो तर खालच्या विभागात जाणार, आणि आमच्याऐवजी फारो वाचणार. प्रोफे मंगळवारी दुकानात आला. त्याने खिशातला खडू काढला आणि मांस तोडायच्या ओंडक्यावर चौकोन आखला.

“विल्मार, हा तुमचा चौकोन. बाहेर जगबुडी झाली तरी यातून हलायचं नाही. हात मागे. ओळख नाही, काही नाही. तुम्हाला सही करायची आहे ना?”

विल्मार चौकोनाकडे बघत राहिला. “आणि माझा माणूस?”

“तुमचा माणूस नाहीच. सोळा वर्षं तुमची तीच तर चूक झाली.”

“हे आमच्या लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर,” नेल्बा मागून म्हणाली.

तो आठवडाभर त्याने सराव केला. दुकानात फळीमागच्या भुशावर चौकोन आखला आणि त्यात उभा राहिला. गिऱ्हाइकांनी मांस स्वतः आकड्यावरून काढून त्याच्या हातात द्यायचं. शुक्रवारी मांजराने त्याच्यापासून तीन पावलांवरची काळीज-कलेजी उचलून नेली. विल्मार हलला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं नेल्बा सांगते, पण तो हलला नाही.

फारोच्या आघाडीला गार्रिदो होता. चार वर्षांपूर्वी विल्मारने त्याचे पुढचे दोन दात पाडले होते आणि खिमा पाठवला होता. सामना सुरू होताच गार्रिदो त्याच्याजवळ येऊन अंग चोरून उभा राहिला, ओळखीची वाट पाहत. एक मिनिट गेलं. पाच गेली. गार्रिदोला घाम फुटला.

“मारत का नाहीस?” त्याने विचारलं.

“शिकतोय,” विल्मार म्हणाला.

याने गार्रिदोचा पार तोल गेला. ज्या लाथेची चार वर्षं तयारी केली ती येईना, तेव्हा तिची भीती पायातून जाईना. दोन सोप्या संधी त्याने आकाशात मारल्या. तिसाव्या मिनिटाला पिंतोसने फारोच्या एकाची पोटरी फाडली आणि लाल कार्ड घेऊन बाहेर आला. आमचे दहा उरले. त्यांनी एक गोल केला, आम्ही कोपऱ्यावरून एक परत केला. एक-एक. विल्मार पेनल्टी बॉक्सच्या कडेला, हात पाठीशी, शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला आमच्या गोलरक्षकाने जमिनीवर पडून चेंडू कवटाळला आणि फारोचा एकजण त्याच्या बोटांवर खिळ्यांच्या बुटाने उभा राहिला, मुद्दाम, टाच फिरवत. दोन बोटं मोडली. गोलरक्षक उठला आणि चांगल्या हाताने त्याने त्या माणसाचा जबडा फोडला. त्यानंतर सगळेच धावले. मैदानाच्या मधल्या चिखलात वीस माणसं एकमेकांची डोकी बडवत होती. आमच्या कप्तानाने एकाला केसांना धरून गुडघ्यावर घेतला. त्यांच्या राखीव खेळाडूने कोपऱ्यावरच्या झेंड्याची काठी उपटून आमच्या एकाच्या पाठीवर मोडली. तारेवरून दगड येत होते, आणि दगडाला आपला-परका कळत नाही.

आणि विल्मार आपल्या चौकोनात उभा होता.

गार्रिदोने त्याला पाहिलं. तो लांबून धावत आला आणि त्याने कपाळ थेट विल्मारच्या नाकावर हाणलं. नाक एका बाजूला वळलं. विल्मारने दोन्ही हातांनी स्वतःच्या चड्डीची कड घट्ट पकडली. गार्रिदोने तोंडावर ठोसा मारला, मग दुसरा. दुसऱ्याला दोन दात गवतावर पडले. विल्मार गुडघ्यावर आला, पुन्हा उठला, पायांखाली बघून परत मध्यभागी सरकला.

“मार ना,” गार्रिदो रडकुंडीला येऊन म्हणाला. “अरे, मार ना एक.”

“विल्मार,” तारेपलीकडून नेल्बा किंचाळली, “हात वर केलास तर घरी येऊ नकोस.”

हे बोलून तिने स्वतःचा हात वर केला आणि काखेतला थर्मास तारेवरून भिरकावला. तो गार्रिदोच्या भुवईवर बसला आणि भुवई उकलली. प्रेक्षकाला लाल कार्ड नसतं, हा आपल्या खेळाचा मोठाच गुण आहे.

पोलीस आले, दंडुके फिरले, मारामारी निवली. पंचाने वही काढली आणि एकेकाला नंबरवार बाहेर काढू लागला. आमचे आणखी तीन गेले. फारोचे पाच गेले, शेवटचा गार्रिदो. मग पंचाला विल्मार दिसला, दोन नंबर, रक्ताने माखलेला, आणि त्याचा हात आपोआप लाल कार्डाकडे गेला.

“तू काय केलंस?”

“उभा होतो.”

पंचाने रेषेवरच्या पंचाकडे पाहिलं. तो बिचारा खजील होऊन म्हणाला, “साहेब, खरंच उभा होता. मलाही पटत नाहीये.”

पंचाने कार्ड खिशात ठेवलं आणि उरलेली डोकी मोजली. नियम असा की कुठल्याही संघाचे सातापेक्षा कमी उरले की खेळ संपला, आणि ज्याचे कमी, तो हरला. फारोचे होते सहा. आमचे होते सात. पंचाने पुन्हा मोजले, कारण आमचा सातवा विल्मार होता, आणि तो धरायचा की नाही हे त्याला एकदम ठरवता येईना. मग त्याने शिट्टी वाजवली.

विल्मारने ती शिट्टी उभ्याने ऐकली. मी बादली घेऊन पोचलो तरी तो हलेना.

“संपलं रे,” मी म्हणालो. “ये आता बाहेर.”

“नक्की?” त्याने विचारलं, आणि मी चौकोनाच्या कडेवर पाय घासून रेघ पुसल्यासारखं केलं, तेव्हाच तो निघाला.

त्या चेंडूवर सातच सह्या आहेत. एकीला लाल बोटाचा ठसाही लागला आहे. मी स्पंज पुढे केला, तर विल्मार म्हणाला, राहू दे.

सोमवारी दुकान उघडं होतं. विल्मारचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं, नाकावर पट्टी. दहाच्या सुमारास गार्रिदो आला. भुवईवर सहा टाके. दुकानातल्या बायका बाजूला सरल्या.

“अर्धा किलो खिमा,” गार्रिदो म्हणाला.

विल्मारने मांस निवडलं, दोनदा यंत्रातून काढलं, तोललं, कागदात बांधून वर सुतळी मारली. गार्रिदोने पैसे ठेवले, पुडकं उचललं, खिशातून एक चिठ्ठी काढून सुतळीत खोचली आणि पुडकं फळीवरून परत विल्मारपुढे सरकवलं.

विल्मारने चिठ्ठी वाचली. मग स्वतःच बांधलेलं पुडकं पुन्हा हातात घेऊन तोललं. आणि मागे वळून म्हणाला, “नेल्बा, माते भर. माणूस आलाय.”

“पाणी कशात भरू?” नेल्बा म्हणाली. “थर्मास याच्या डोक्यावर फुटला.”